मंजरीचा हिस्सा

‘काजलगढ’ मालिकेचा शेवट ज्या कोण्या शहाण्यानं लिहिला, त्याला त्या रविवारी इस्तारीनं घातलेल्या शिव्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. पण घातल्या त्या बरोबरच घातल्या, हे आधीच सांगून ठेवतो. माणसानं दोन वर्षं दर रविवारी सकाळी अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढं बसायचं आणि शेवटी त्याच्या तोंडाला पानं पुसायची, याला काय म्हणायचं?

गाव सावली तालुक्याच्या बाजूचं, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. बहुतेक घरं मासेमार ढिवरांची, पोट तलावावर आणि थोडं धानावर. साल अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवचा सुमार. गावात धड चालणारा टीव्ही एकच, हाफिजभाई शिंप्याच्या दुकानात. रविवारी सकाळी वीज हमखास जायची, म्हणून हाफिजभाई शनिवारीच कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणायचा. शिलाई मशीन भिंतीला सरकवायचं, गडीमाणसं खाली सतरंजीवर, बाया आतल्या उंबऱ्यावर हाफिजभाईच्या बायकोजवळ, नाहीदजवळ.

मालिका जादूची. काजलगढच्या जादूगारानं सात राज्यांतला उजेड काळ्या सरोवराच्या तळाशी कोंडलेला आणि राजकुमार वीरभान तो सोडवायला निघालेला. पण गावाचा जीव काही राजकुमारावर नव्हता. राजकुमार म्हणजे नुसता केस उडवत घोड्यावर बसणारा. गावाचा जीव होता मंजरीवर. मंजरी नावाड्याची पोर. सरोवरात बुडी मारून कुलपांच्या चाव्या वर आणायची ती तीच. एका चावीपायी तिचा आवाज गेला, एका चावीपायी बाप गेला, तरी पोरगी पाण्यात उतरायची थांबली नाही. पाण्यात उतरणारी म्हटल्यावर ती गावाचीच लेक झाली. ती बुडी मारायची तेव्हा दुकानातली पोरंसोरंसुद्धा श्वास धरून बसायची.

इस्तारीला तर तिचं फारच. तलावात मोठं जाळं ओढलं की मासळीची वाटणी करायची ती इस्तारीनं, हे बापापासून त्याच्याकडं आलेलं काम. पाळीवर पळसाची पानं अंथरून तो सारखे ढीग लावतो. मग एक जण ढिगांकडं पाठ करून, तलावाकडं तोंड करून उभा राहतो. इस्तारी एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो, ‘हा कोनाचा?’ आणि पाठमोरा माणूस एक नाव घेतो. कुणाला मोठी मरळ जास्त आली, कुणाला बारके झिंगेच आले, तर बोलायला जागा नाही. ज्यानं पाण्यात उतरून दोराला हात लावला त्याला पूर्ण ढीग. काठावर टोपल्या धरणाऱ्या बायांना उरल्यासुरल्यातून अर्धा हिस्सा. त्यांची नावं पुकारत नाहीत.

आता गोम इथंच होती. इस्तारीचा धाकटा भाऊ अमर तापानं गेला. त्याची बायको गोकुळा महिनाभरानं पाळीवर आली ती काठावर बसली नाही. नवऱ्याच्या जागेवर, छातीभर पाण्यात, दोराला जाऊन लागली. गड्यांच्या बरोबरीनं ओढते हे आंधळ्यालाही दिसावं. पण हिस्सा मिळायचा तो अर्धाच, टोपलीवाल्या बायांचा. पदरात शाळकरी पोर, भाग्यश्री. अर्ध्या हिश्शात धड खायला पुरेना, धड सावलीच्या बाजारात बसण्याइतकी मासळी उरेना. शेवटी तिनं मच्छीमार सोसायटीत शब्द टाकला. सोसायटीचा अध्यक्ष मुखरू म्हणाला, वाटणी करणारा म्हणंल तसं. आणि वाटणी करणारा म्हणाला, ‘पाहू.’

पाहू म्हणायला इस्तारीकडं कारण होतं. गोकुळा त्याची भावसून. आपल्याच घरच्या बाईला पूर्ण ढीग लावला तर उद्या गाव म्हणणार, काठी इस्तारीच्या हातात आणि मासळी इस्तारीच्या घरात. त्याच्या वाटणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि त्याला ते ठेवून घ्यायचंही नव्हतं. तर असं त्याचं ‘पाहू’ वर्षभर चाललं होतं. त्या सोमवारी पुन्हा मोठं जाळं पडायचं होतं.

आदल्या रविवारी ‘काजलगढ’चा शेवटचा भाग. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जाहिराती संपल्या, आणि मग काय झालं? आभाळातून एक तलवार खाली आली. कुठून आली, कोणी पाठवली, काही नाही. वीरभाननं ती फिरवली आणि जादूगार धूर होऊन उडाला. ज्यानं सात राज्यांच्या नाकी नऊ आणले तो गडी चहा निवायच्या आत खलास. लगेच लग्न. कुणाशी, तर मागच्याच रविवारी पहिल्यांदा तोंड दाखवलेल्या एका राजकुमारीशी. ढोल वाजले, फुलं उडाली, म्हातारे गुरुजी ‘सब विधाता का खेल है’ म्हणाले आणि पडद्यावर नावं सरकू लागली. दगड झालेला सेनापती दगडच राहिला. आणि मंजरी? मंजरी लग्नाच्या गर्दीतसुद्धा नव्हती.

 मग मुखरूनं खात्रीनं सांगितलं की मधला तुकडा आपल्याकडं पोचलाच नाही, ॲन्टिना फिरला असेल. हाफिजभाईला छपरावर चढवलं. त्यानं बांबू गदागदा हलवला. खाली साबणाची जाहिरात लागली होती, ती आणखी स्वच्छ दिसू लागली. वरून त्यानं दोनदा विचारलं, आली का मंजरी म्हणून.  एक जण म्हणाला, नागपूरवाल्यांना वेगळा शेवट दाखवला असेल, चांगलं ते सगळं तिकडंच जातं. बाकीच्यांना हे पटलंही.

इस्तारीला नाही पटलं. तो उठून दारात उभा राहिला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आधी त्या शिव्या झाल्या. मग तो म्हणाला, ही काय वाटणी झाली? तो सेनापती तसाच उभा, आता कुत्री त्याच्यावर तंगडी वर करतील. दोर ओढायच्या वेळी सगळी माणसं पाहिजेत आणि ढीग लावायच्या वेळी ज्या बाईनं पाय भिजवला नाही तिच्या ओटीत सगळा तलाव. लोक माना डोलवू लागले तसा त्याला आणखी चेव आला.

‘पान्यात कोन उतरलं? मंजरी उतरली,’ तो म्हणाला. ‘मंग ढीग कोनाचा? माह्या हातात काठी असती तं पयला ढीग तिचा लावला असता. चारचौघात नाव घेऊन लावला असता.’

गोकुळा आतल्या उंबऱ्यावर नाहीदच्या शेजारी बसली होती. भावसुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, सरळ बोलायचं नाही ही तिकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून ती इस्तारीशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचंच झालं तर मधलं माणूस लागतं. तिनं पदर पुढं ओढला आणि नाहीदशी बोलली, पण बाहेरच्या ओट्यावरही ऐकू जाईल असं बोलली.

‘नाहीदबाई, भासऱ्याइले विचारा जी. मंजरीचा ढीग पूर्ण लावनार होते का अर्धा?’

सगळ्यांनी ऐकलं. इस्तारीनंही ऐकलं. पण नाहीद रीतीला पक्की. ती उठली, चार पावलं पुढं आली आणि शब्दन् शब्द पोचता केला. ‘इस्तारीभाऊ, गोकुळा विचारून राह्यली, मंजरीचा ढीग पूर्ण लावनार होते का अर्धा?’ पहिल्यांदा लागलं होतंच, दुसऱ्यांदा जास्त लागलं.

 मुखरू साबणाच्या जाहिरातीकडं असा बघत बसला की जणू जन्मात साबण पाहिला नव्हता. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही. इस्तारीनं चप्पल शोधली, ती दुसऱ्याचीच निघाली, ती टाकून तो अनवाणीच घरी गेला.

घरी शकुबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं. त्यानं दोन घास खाऊन ते सरकवलं. आधी त्याला गोकुळाचाच राग आला. घरची गोष्ट, आणि चारचौघांत? मग वाटलं, घरात कुठं बोलणार होती ती? सोसायटीत बोलली, तर तू वर्षभर पाहू-पाहू करत बसलास. शकुबाईनं विचारलं, त्या टीव्हीवाल्याचा एवढा राग की जेवण टाकावं? उन्हं कलल्यावर तो उठून पाळीवर जाऊन बसला.

पाण्याकडं बघता बघता त्याच्या डोक्यात त्या लिहिणाऱ्याचाच विचार फिरत राहिला. हा माणूस मंजरीला विसरला कसा असेल? सकाळपासून गाव तिला विसरत नव्हतं, तर ज्यानं तिला जन्म दिला तो विसरेल? नाही, विसरला नसणार. भ्याला असणार. नावाड्याची पोर सिंहासनाशेजारी उभी केली तर लोक काय म्हणतील, म्हणून भ्याला. त्यानंही मनात ‘पाहू’ म्हटलं असेल, आज नको, पुढच्या भागात पाहू, आणि पाहता पाहता शेवटचा रविवार उजाडला. हे डोक्यात आलं आणि इस्तारीची कानशिलं तापली. आपलं नाव साफ राहावं म्हणून आपण भावाच्या बायकोच्या ताटातलं काढून घेत होतो, आणि वर गावाला न्याय शिकवत होतो. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग थोडं हलकंही वाटलं, कारण त्याचा शेवटचा भाग अजून व्हायचा होता.

सोमवारी सकाळी जाळं पडलं. पाणी उतरायला लागलेलं, मासळी खोलात गोळा झालेली. गोकुळा नेहमीच्या जागी, तिच्या मागं दोराला मुखरू. दोर ओढताना मुखरूचा पाय गाळात रुतला तेव्हा त्याच्या वाटणीचा भार क्षणभर तिनंच पेलला. जाळं भरून आलं, रोहू उड्या मारत होते.

इस्तारीनं पानं अंथरली, ढीग लावले. मुखरू तलावाकडं तोंड करून उभा राहिला. काठी टेकत गेली, नावं येत गेली, ज्याचा त्यानं ढीग उचलला. नावं संपली तसा मुखरू वळायला लागला.

‘वळू नोको,’ इस्तारी म्हणाला. ‘एक ढीग हाय अजून.’

मुखरू म्हणाला, सगळ्यांची नावं झाली, तुझंच मोजायचं चुकलं. इस्तारीनं न ऐकल्यासारखं केलं. ‘पान्यातल्या सगळ्याइचे नाई झाले. हा कोनाचा?’

 काठीवाल्यानं विचारायचं, नाव घ्यायचं ते पाठमोऱ्यानं. इस्तारीला स्वतःहून नाव घेता येत नव्हतं. मुखरू गप्प राहिला असता तर ढीग मोडून पुन्हा सगळ्यांत गेला असता.  इस्तारी लोकांकडं वळला.

‘घरची हाय म्हून तिले अर्धा देत होतो,’ तो म्हणाला. ‘तुमी बोट ठेवसान म्हून भेत होतो. आता ज्याले ठेवाचं त्यानं ठेवा. मुखरू, तू दोराले तिच्या मांगं राह्यतं. तुले सगळ्यात जास्त मालूम. हा कोनाचा?’

मुखरूनं मान खाली घातली. पायाला सकाळचा गाळ तसाच होता. मग तो पुटपुटला, ‘गोकुळाचा.’

‘आयकू नाई आलं.’

‘गोकुळाचा,’ मुखरू तलावाकडं तोंड करून असा ओरडला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

कुणी बोट ठेवलं नाही. एक-दोघांनी तोंडं वाकडी केली, पण ती त्यांची रोजचीच. गोकुळा ओल्या लुगड्यानिशी पुढं आली, ढिगापुढं बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते तिनं पुसलंही नाही. तिनं आणलेली टोपली अर्ध्या हिश्शाची, लहानशी. भरली, वर शीग लागली, तरी ढीग संपेना. भाग्यश्रीनं फ्रॉकचा ओचा पुढं केला तशी माय रडता रडता हसली.

काठावरच्या बायांतून बायनाबाई उठली. तिनं आपली टोपली रिकामी करून गोकुळापुढं सरकवली. मग साडी वर खोचत ती सरळ इस्तारीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्या जाळ्याला दोराला आणखी एक हात लागेल का?

इस्तारीनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या मागं आणखी दोघी उठून उभ्या होत्या.

‘या,’ तो म्हणाला. ‘पान्यात उतरा. ढीग लागन.’