बिनशाईचा अंगठा

पडदा पांढराच राहिला. सुंदराबाईंनी अंगठा आणखी दाबला, तरी पांढराच.

"बाई, जरा बेतानं," प्रेमा म्हणाली. "काच आहे ती."

"हळू ठेवला तर दिसत नाही म्हणता, दाबला तर काच म्हणता. एकदा काय ते ठरवा. या हाताला अंगठा एकच दिलाय देवानं."

मागे रांगेतल्या बायका खुसखुसल्या. प्रेमाही हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलली नाही. सुंदराबाईंच्या आधी राधाचा अंगठा आला नव्हता, राधाच्या आधी विमलाचा. लोखंडी पेटी, तिच्यावरची काचेची लहानशी खिडकी, शेजारचा कॉम्प्युटर, सगळं जागच्या जागी होतं. प्रेमाच्या मुलुंडच्या गाळ्यात सहा महिने जे यंत्र सरळ चाललं होतं, ते घाटकोपरच्या या औषधांच्या कंपनीत येऊन आंधळं झालं होतं.

१९८८ साल होतं, आणि अंगठा म्हटला की शाई आलीच. या कंपनीत गोळ्यांचा प्रत्येक ट्रे कुणी भरला त्याची निशाणी घेत. सही येणाऱ्या बायका सही करत, न येणाऱ्या अंगठा उठवत, आणि मग तीच शाई काढायला हात स्पिरिटनं खसाखसा घासून पॅकिंग हॉलमध्ये जात. एवढं करूनही एका पाकिटावर कुणाचा तरी निळा अंगठा उमटून थेट गिऱ्हाइकाकडे गेला. झालं. वरच्या साहेबांनी शाईच बंद करायची ठरवली. बिनशाईचं यंत्र जमलं तर ठीक, नाहीतर सही न येणाऱ्या बायकांची बदली खाली, बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये.

"प्रेमाबेन," पॅकिंगचे मॅनेजर जयंतीभाई घड्याळ बघत म्हणाले, "तुमच्याकडे तर माझा अंगठा फर्स्टक्लास आला होता. माझ्या ड्रायव्हरचा पण आला. इथे शुं थयुं, काय झालं?"

"बघते मी. एक आठवडा द्या."

"सोमवारी या. पण मग मला वर कळवावंच लागेल हां."

पेटी उचलून जिना उतरताना सुंदराबाई प्रेमाच्या बरोबरीनं चालत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं यंत्र चांगलं असंल हो ताई. आमचाच अंगठा झिजलाय. त्या शेडमध्ये सोड्याच्या पाण्यात उभी जवानी गेली माझी. पायाला कायमच्या चिखल्या. तिथनं वर पॅकिंगला घेतलं तेव्हा आख्ख्या आळीत पेढे वाटलेले मी." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "सही शिका म्हणतात. शिकेन की. पण सोमवारपर्यंत?"

प्रेमानं पेटी पोटाशी घट्ट धरली.

प्रेमा पालव आणि कुंडलिक शेजवळ एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरोबर नोकरीला होते. प्रेमा भिंगं-आरसे बघायची, कुंडलिक तारा-सर्किटं. दोघांनी नोकरी सोडून गाळा घेतला तेव्हा लोकांनी दोघांनाही वेड्यात काढलं, आणि वेडेपणाचीही समान वाटणी झाली म्हणून दोघंही खूश होती. यंत्राची युक्ती प्रेमाची. काचेच्या लोलकात खालून उजेड सोडायचा. वरच्या पृष्ठभागावर आपटून तो सगळा परत खाली येतो. पण वर अंगठा ठेवला, की जिथे जिथे कातडीची रेघ काचेला चिकटते तिथला उजेड परत येत नाही. तेवढ्या जागा काळ्या दिसतात, कॅमेरा त्या टिपतो, आणि पडद्यावर माणसाचा अंगठा उभा राहतो. शाई नाही, पाणी नाही, घासाघाशी नाही.

गाळ्यात परत आल्यावर कुंडलिकनं आपला अंगठा ठेवला. रेघ न् रेघ दिसली. प्रेमानं ठेवला. तोही झकास.

"बघ! यंत्राला काही झालेलं नाही," कुंडलिक म्हणाला. "त्या बायकांचे ठसेच गेलेत यार. त्याला आपण काय करणार?"

"ठसे गेलेत? शाईनं रोज उमटतात ते काय हवेतून येतात?"

"मग तू सांग."

चार दिवस दोघांनी दिवा बदलून पाहिला, कॅमेरा वाकडा-तिकडा करून पाहिला, आणि एकमेकांवर ओरडूनही पाहिलं. यंत्र दोघांना ओळखत होतं, बाकी कशाला दाद देत नव्हतं.

शुक्रवारी प्रेमा शिकेकाईनं न्हाऊन आली. एरवी ती रविवारी न्हायची, पण हा रविवार कामात जाणार होता. ओले केस मोकळे सोडून तिनं सवयीनं अंगठा काचेवर ठेवला. पडदा जवळजवळ पांढरा. एखाददुसरा ठिपका, बस.

"कुंडलिक!"

"काय झालं?"

"इकडे ये. नको, आहेस तिथेच थांब. तुझ्या हातात काय आहे?"

"वडापाव. तुला हवाय?"

प्रेमानं पुढे होऊन वड्याच्या तेलकट कागदावर अंगठा फिरवला आणि काचेवर ठेवला. एखादं रांगोळीचं कमळ काढावं तसा तो पडद्यावर उमटला. मग प्रेमा जी हसायला लागली, ती स्टूल धरून खालीच बसली.

"अरे, सहा महिने आपण खोबरेल तेलाचा अंगठा बघतोय! मी रोज सकाळी डोक्याला तेल चोपडून येते. तू दिवसभर वडे खातोस."

"आणि जयंतीभाई?"

"पाहुण्याला वडापाव दिल्याशिवाय सोडलंय का कधी आपण? ड्रायव्हरनं तर दोन खाल्ले."

त्या बायकांचे हात स्पिरिटनं कोरडेठाक झालेले. कोरडी कातडी कडक होते, काचेला टेकते न टेकते अशी राहते. तेल असलं की मधल्या फटी भरतात आणि रेघ चिकटते. एवढं साधं होतं.

"मग झालं की!" कुंडलिक म्हणाला. "यंत्राशेजारी तेलाची वाटी ठेवू."

"गोळ्यांच्या हॉलमध्ये? शाई काढून तेल आणलं तर जयंतीभाई आपल्याला पेटीसकट रस्त्यावर ठेवतील." प्रेमानं आपला कोरडा अंगठा चोळला. "अंगठा मऊ करता येत नाही ना? मग काच मऊ करायची."

"हो, आणि दगडाची चटणी करायची."

"तुझा तो डबा कुठाय? पावसाळ्यात सर्किटांवर ओततोस तो?"

डब्यात दाट, पाण्यासारखं पारदर्शक रबर होतं. त्यात दुसऱ्या बाटलीतला रस मिसळला की काही तासांनी ते साईसारखं लवचीक होई. त्याचा पातळ थर काचेवर चढवला, तर कोरड्या अंगठ्याखाली काच नाही तरी ते रबर दबेल आणि रेघेला चिकटेल. पण कुंडलिकनं ओतलेला थर जाड झाला आणि पडद्यावर नुसती धुरकट गोधडी दिसली. पुठ्ठ्यानं पसरला तर ओरखडे उठले. शनिवारी संध्याकाळी प्रेमानं राहिलेला डबा, रसाची बाटली आणि लोलक पिशवीत घातला आणि घाटकोपरच्याच भटवाडीतल्या आपल्या घरी नेला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या लादीवर ती मांडी घालून बसली. तिच्या डोक्यात फेण्या होत्या. मे महिन्यात सासूबाई तांदळाचं आंबवलेलं पीठ ताटलीवर घालत, ते डावानं कधीच पसरत नसत. ताटली तिरकी करत, गोल फिरवत, पीठ आपल्या वजनानं पसरे, आणि वाफवून सोललेली फेणी उजेडात धरली की पलीकडचं माणूस दिसे. तीच हातोटी प्रेमालाही साधली होती. तिनं रस मिसळलेल्या रबराचे चार थेंब काचेवर सोडले आणि लोलक हळूहळू कलता करू लागली.

सासूबाई, रुक्मिणीबाई, दारातून बघत होत्या. "काय गो, काचेची फेणी घालतंस?"

"तसंच समजा आई."

"मगे घाई कित्याक? हात थारावर ठेव. बुडबुडो इलो बघ थंय, सुयेन फोड तो."

प्रेमानं सुईनं बुडबुडा फोडला. थर कडेपर्यंत आला तसा तिनं जास्तीचा एका कोपऱ्यातून निथळू दिला. धूळ बसू नये म्हणून वर टोप पालथा घातला. मग दोघी सासवासुना टोपाकडे बघत बसल्या, जणू आत कोंबडी अंडी उबवत होती.

सोमवारी जयंतीभाईंच्या शेजारी वरचे साहेबही येऊन बसले होते. बायका नेहमीसारख्या स्पिरिटनं हात धुऊन आल्या. प्रेमानं मुद्दाम सांगितलं होतं, काही सूट नको.

राधानं अंगठा ठेवला. पडद्यावर काळ्या रेघा अशा उसळून आल्या की ती दचकून मागे सरली.

"अगं बाई! हे काय?"

"तुझाच आहे गं, पळतेस कुठे?" विमला म्हणाली, आणि राधाला बाजूला सारून आपला ठेवला. आला. तिच्या मागचीचा आला. सगळ्यांचे अंगठे एकदा यंत्रात नोंदवून झाले. आता खरी परीक्षा होती. आपला नंबर दाबायचा, परत अंगठा ठेवायचा, आणि ही तीच बाई हे यंत्रानं सांगायचं. कॉम्प्युटर बराच वेळ विचार करी. मग बीप वाजे आणि पेटीवर हिरवा दिवा लागे. प्रत्येक दिव्याला रांगेतून "आली, आली!" असा गलका उठे. कुंडलिक ओठांवर मूठ धरून उभा होता.

सुंदराबाई शेवटच्या. त्यांचा अंगठा मघाशी नोंदवतानाच पडद्यावर बघायला सगळे पुढे सरकले होते. मधल्या रेघा पुसट, झिजून गेलेल्या. पण कडेच्या ठाम होत्या, आणि मधोमध एक आडवा चिरा, फुटलेल्या बाटलीनं कधीकाळी केलेला. सोड्याच्या पाण्यातली ती सगळी वर्षं पडद्यावर आली होती.

त्यांनी नंबर दाबला. अंगठा ठेवला. कॉम्प्युटर विचार करू लागला. खूप वेळ. साहेब पुढे वाकले.

"काय म्हणतंय?" सुंदराबाईंनी न राहवून विचारलं. "इतकं काय आठवतंय त्याला?"

बीप. हिरवा दिवा.

मग जो आरडाओरडा झाला, तो खालच्या शेडपर्यंत गेला. "जमलं यार!" म्हणून कुंडलिकनं टेबलावर अशी थाप मारली की प्रेमानं आधी पेटी धरली आणि मग हसली. साहेब उठून जवळ आले, काचेवरच्या त्या थराला निरखत म्हणाले, "हे कुठून मागवलंत? परदेशातून?"

"भटवाडीहून," प्रेमा म्हणाली.

जयंतीभाईंनी टेबलावरची शाईची डबी उचलून शिपायाच्या हातात दिली. "ही परत इथे दिसता कामा नये. आणि बायका सगळ्या इथेच राहणार हां, पॅकिंगमध्येच. चला, काम चालू करा."

काम कोण चालू करतंय? राधा कुणाच्या तरी गळ्यात पडली होती, विमला डोळे पुसत साहेबांसमोरच फुगडीला जागा करत होती. आणि सुंदराबाई हॉलच्या दारापर्यंत जाऊन परत फिरल्या होत्या. पदर खोचून त्या यंत्रासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं बाई?" प्रेमानं विचारलं.

"काही नाही. आणखी एकदा ओळखतंय का बघू."

त्यांच्या मागे बायकांची रांग पुन्हा लागली, आणि यंत्र बंद करायला पुढे केलेला हात कुंडलिकनं मागे घेतला.