पाच घरांची पाळी

“आमचा पार्थ त्या वळणावरून जातच नाही, मग मी का उभं राहायचं?” स्वरूपा म्हणाली. अरुणाताई चहा ओतत राहिल्या.

इथं जपानात, फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत शाळकरी मुलांची मराठी घरं पाच. शाळेच्या वाटेवर सिग्नल नसलेलं एक वळण आहे. तिथं सकाळी पालकांनी पाळीपाळीनं पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं, मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, अशी इथली रीत. पाळ्यांचा कागद जपानीत येतो. पाचही घरांनी त्यावर फोन नंबर दिला तो याच इमारतीतल्या अरुणाताईंचा, कारण जपानी नीट येतं ते त्यांनाच. हळूहळू पाळ्याही त्यांच्याच झाल्या. त्यांची स्वतःची मेधा तर केव्हाच नागोयाला कॉलेजात गेली. शाळेतल्या बाईंनी एकदा अगदी अदबीनं विचारलं होतं म्हणे, अरुणा-सान, तुम्हाला मुलं एकूण किती?

अरुणाताई तोयोसुच्या एका ऑफिससाठी घरबसल्या युरोपातल्या बातम्यांचे जपानी गोषवारे करतात. गेली काही वर्षं विषय एकच, संरक्षणाचा भार कोणत्या देशानं किती उचलायचा. बाळाला थोपटत मी त्यांच्याकडे बसले, की तो सगळा मामला त्या सोसायटीच्या मीटिंगसारखा सांगतात. ज्यांच्या दाराशी सीमा, ते कंबर कसून बसलेत. लांबचे म्हणतात, आमच्यापर्यंत कोण येतंय. आणि इतकी वर्षं सगळेच समुद्रापलीकडच्या थोरल्याच्या भरवशावर निवांत.

त्या दिवशी त्यांनी आम्हा पाची जणींना मुद्दाम बोलावलं होतं. ऑफिसनं कायमची नोकरी देऊ केली होती, पण साडेआठला तोयोसुत हजर राहायचं. अशी विचारणा दुसऱ्यांदा झाली होती. पहिल्यांदा त्या नाही म्हणाल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

“का हो, ताई?” मी विचारलं.

“आठ वाजता तुमची पोरं रस्त्यावर असतात गं.”

मग त्या स्वरूपाकडे वळल्या. “तुझा पार्थ तिथून जात नाही, खरंय. माझी मेधा तरी कुठं जाते?”

स्वरूपानं पाळ्यांचा कागद ओढला आणि सोमवारापुढे वेड्यावाकड्या जपानी अक्षरांत आपलं नाव घातलं. मंगळवार मी घेतला.

एप्रिलमधल्या माझ्या पहिल्या मंगळवारी बाळाला पोटाशी बांधून मी झेंडा घेऊन उभी राहिले. आमच्या नचिकेतनं जपानीत सांगून टाकलं, की मला ओळख दाखवू नकोस. तेवढ्यात अरुणाताई आल्या. काळा कोट, नवे बूट. मी गाड्या थांबवल्या. मुलांच्या घोळक्यामागून त्याही निघाल्या. मध्यावर पोचताच त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला, रेंगाळणाऱ्या शेवटच्या पोरीच्या पाठीमागे आडवा झाला.

पलीकडे गेल्यावर त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला आणि मागे न बघता स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या.