दोन किलोंचा मुकुट

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये मुश्ताकने बावीस वर्षं टाक्या आणि जिने बनवले होते. मुकुट हा पहिलाच. लेक यम्ना शाळेत चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकात राजा होणार होती, गादी सोडावी लागणारा राजा. मुश्ताकने सवयीने तीन एमएमचा स्टीलचा पत्रा कापला, वेल्डिंग मारलं, पॉलिश केलं. वजन भरलं दोन किलो.

"अब्बा, इट्स टू हेवी!" यम्ना ओरडली.

"अहो, पुठ्ठ्याचा चालला असता," नाटक बसवणाऱ्या मैथिली मॅडम म्हणाल्या.

"पुठ्ठ्याच्या राजाला कोण घाबरेल, मॅडम?" मुश्ताक फणकारला.

मॅडमना हसू आलं. "त्या काळी नाटकात राजाचं काम करायची ती हातमोजे शिवणाऱ्यांची, गवंड्यांचीच पोरं. राहू द्या हाच."

नाटकाच्या दिवशी यम्ना मान ताठ धरून इतकी सावकाश आली, की मुश्ताकला ती आपली लेक वाटेचना. शेवटी तिने दोन्ही हातांनी मुकुट उतरवून शत्रूच्या हाती दिला. शत्रू झालेल्या मुलाचे हात वजनाने खाली गेले. तिची मान मात्र हळूहळू वर आली.

मुश्ताकचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. रोज संध्याकाळी वेल्डिंगचं हेल्मेट काढल्यावर तिथे जो लाल वळ असतो, तोच आज राजाच्या कपाळावर होता.