कोकिळेच्या घोड्याचं अंडं

स्वेतलीन कारादिमोव्ह चार वर्षं इंग्लंडात राहून आला, तो मान उलटी करून आला. आमच्या डोंगरात मान आडवी हलली की हो, आणि हनुवटी वर जाऊन खाली आली की नाही. पणज्या-खापरपणज्यापासून हेच चालत आलंय. स्वेतलीनला त्याची लाज वाटायला लागली. निसर्ग केंद्राचा संचालक झाल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकीणबाईपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ओळीत उभं करून 'जगाच्या रीतीनं' मान हलवायला शिकवलं. पाच धडधाकट माणसं अर्धा तास नंदीबैलासारखी माना हलवत उभी होती. केरा तेवढी हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती.

"केरामावशी, तुम्ही पण," तो म्हणाला.

"माझी मान माझ्या आईनं बसवलीय. तुझ्या पाहुण्यांना काही विचारायचं असेल तर तोंडानं विचारू देत."

केरा त्या केंद्रात वीस वर्षं गिधाडांवर पाळत ठेवत होती. शिक्षण आठवीपर्यंत. स्वेतलीनच्या कार्डावर मात्र 'निसर्गतज्ज्ञ' असं छापलेलं होतं, आणि आकाशात घार आहे की ससाणा हे तो पाहुण्यांच्याच पुस्तकात बघून पाहुण्यांना सांगायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार. पाहुणेही त्याच लायकीचे. चिखलाच्या रंगाचे कपडे, त्यांना वीस-वीस खिसे, आणि गळ्यात धुराड्याएवढे कॅमेरे. एकानं तर नाश्त्याला विचारलं होतं, गिधाड किती वाजता येतं?

हे गिधाड म्हणजे पांढरं गिधाड. आमच्याकडे त्याला कोकिळेचा घोडा म्हणतात. कोकिळेची पहिली हाक ऐकू येते त्याच आठवड्यात हेही आफ्रिकेतून परत येतं, म्हणून म्हाताऱ्या सांगायच्या की आळशी कोकिळा याच्या पाठीवर बसून येते. केराच्या लहानपणी नदीकाठच्या कड्यांवर अकरा जोड्या होत्या. विषानं मेल्या, विजेच्या तारांवर मेल्या, आणि आता लाल कड्याच्या कपारीत एकच उरली होती. दोन वर्षं त्या मादीनं अंडं घातलं नव्हतं. यंदा घातलं, एकच. बेचाळीस दिवसांतले तेहेतीस दिवस नर आणि मादी आळीपाळीनं त्यावर बसून होते. नऊ दिवस राहिले होते, आणि केराला सकाळी उठल्यावर दुसरं काही आठवत नसे.

तिचा नियम एकच होता: अक्रोडाच्या झाडापुढे कोणी जायचं नाही. त्याच कड्यावर डोमकावळ्यांची जोडी होती, आणि ती गिधाड उठण्याची वाटच बघत बसलेली असायची.

मेच्या त्या आठवड्यात आठ पाहुणे आले आणि तीन दिवस पाऊस कोसळला. बिचाऱ्यांना एक बेडूक आणि ओल्या चिमण्या दिसल्या. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तसा स्वेतलीन केराला गाठून म्हणाला, "मावशी, फक्त दहा मिनिटं. अक्रोडाच्या पुढच्या, कपारीसमोरच्या खडकाच्या कठड्यावरून. एकही आवाज न करता."

"नऊ दिवस थांब. पिल्लू बाहेर आलं की मी स्वतः घेऊन जाते."

"नऊ दिवसांनी ही माणसं आपापल्या घरी असतील."

"मग असू देत. घरी चिमण्या नाहीत का त्यांच्या?"

"बरं बाई, अक्रोडापर्यंतच नेतो. मग तर झालं?"

केरा तिच्या नेहमीच्या टेकडीवर गेली आणि दुर्बीण लावून बसली. दरीच्या पलीकडे मिन्को शेळ्या चारत होता. केरा नसली की पाळत तोच ठेवायचा. तिनं त्याला एकच गोष्ट बजावली होती: काही झालं तरी इथे ओरडायचं नाही.

आठ टोप्या अक्रोडाशी येऊन थांबल्या. स्वेतलीन चार पावलं पुढे झाला. त्यानं मिन्कोकडे बघून हात उंचावला, मग कठड्याकडे बोट केलं. पुढे येऊ का?

मिन्कोनं हनुवटी वर उडवली आणि खाली आणली. नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. नाही, नाही! मुळीच नाही! म्हाताऱ्याची टोपी उडून पडली, इतक्या जोरात तो मान हलवत होता. आणि स्वेतलीननं अंगठा दाखवून त्याचे आभार मानले आणि आठही जणांना पुढे घेतलं.

परक्यानं केलं असतं तर त्याला चूक म्हटलं असतं. हा याच गावच्या शेळीचं दूध पिऊन वाढला होता. केरानं दुर्बीण खाली टाकली. ओरडावं तर पक्षी तिच्याच आवाजानं उठेल. ती उठली आणि उतारावरून धावत सुटली, पंचावन्न वर्षांचे गुडघे घेऊन, काट्याकुट्यांतून.

ती अर्ध्या वाटेवर असताना कोणीतरी कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड उघडला. खट्ट. कपारीतून पांढरे पंख बाहेर पडले. डोमकावळा कपारीत शिरला आणि तांबूस ठिपक्यांचं अंडं चोचीत धरून बाहेर आला. आठ कॅमेरे पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजले. फोटो फार सुंदर आले म्हणे.

मिन्को दरी ओलांडून आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी नाहीच म्हणत होतो गं केरा! मान मोडेस्तोवर!"

"तू नाहीच म्हणालास रे. त्यानं आपली मान विकून खाल्लीय, त्याला काय कळणार?"

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी स्वेतलीन तिच्या कानाला लागला. "मावशी, पाहुण्यांना वाईट वाटतंय. दोन शब्द बोला. अंडं वांझच होतं म्हणा, नाहीतरी त्यातून पिल्लू निघालं नसतंच. मी भाषांतर करतो."

केरा उभी राहिली. "अंडं चांगलं होतं," ती म्हणाली. "नऊ दिवसांत पिल्लू आलं असतं. तुम्ही आलात म्हणून ते मेलं, आणि तुम्हाला या गाढवानं आणलं. आपल्या गावची मान ज्याला कळत नाही, त्याला पक्ष्यांचं काय कळणार?"

स्वेतलीननं चेहऱ्यावरची रेघ न हलवता भाषांतर केलं. आठही जणांनी टाळ्या वाजवल्या. फिलिपा नावाच्या बाई उठून आल्या आणि केराच्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या.

"काय सांगितलंस रे यांना?"

"हेच की निसर्ग कठोर असतो, आणि ते इतक्या लांबून आले म्हणून तुम्ही आभारी आहात. पुढच्या वर्षी खास तुमच्यासाठी येणार म्हणतायत. बसा आता, सूप गार होतंय."

केरानं त्या बाईंना खांद्याला धरून हळूच बाजूला केलं. वीस वर्षं नोंदींचे इंग्रजी तक्ते भरून तिला त्यांच्या भाषेतले आठ-दहा शब्द येत होते, बहुतेक घरट्याचेच. ते तिनं एकेका चेहऱ्याकडे बघत, एकेक करून टेबलावर ठेवले.

"अंडं. चांगलं. तुम्ही. अंडं. मेलं." मग स्वेतलीनकडे बोट केलं. "हा."

चमचे थांबले. फिलिपाबाईंनी तोंडावर हात नेला. केरा स्वेतलीनकडे वळली.

"हं," ती म्हणाली, "आता हे आपल्या भाषेत मला सांग."