शकू बिनकामाची होते

कामाच्या माणसाला आणखी कामच मिळतं, हे शकूला कळायला अकरा वर्षं लागली. तशी ती काही भोळीभाबडी नव्हती. रोह्याच्या बाजारात वाल घेताना ती दुकानदाराच्या तोंडावर किडके दाणे वेचून दाखवायची. पण ऑफिसात कुणी "शकूताई, तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हटलं की बाई जागच्या जागी विरघळायची आणि दुसऱ्याची फाईल आपल्या टेबलावर ओढून घ्यायची.

ऑफिस म्हणजे विद्यापीठाचं पेणचं उपकेंद्र. रामवाडीत, एका पोह्यांच्या दुकानाच्या डोक्यावर तीन खोल्या. शकू तिथे परीक्षा विभागात लिपिक. कुणाचा निकाल राखीव पडला, कुणाच्या हॉलतिकिटावर भलत्याच पोरीचा फोटो आला, कुणाचा अर्ज कुठल्या कॉलेजच्या गठ्ठ्यात घुसला, सगळं तिला तोंडपाठ. चार नंबरच्या कपाटाचं दार खांद्यानं दाबून मग किल्ली फिरवावी लागते, हेही तिलाच ठाऊक.

राहायला मात्र ती रोह्यात. नवरा दिनेश तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला, मुलगी मनाली नववीत. रेल्वे आहे, पण रेल्वेची वेळ आणि ऑफिसची वेळ यांची पत्रिका काही जुळत नाही. म्हणून एसटी. भिसे खिंड, नागोठणं, वडखळ, आणि मधे तो हायवे, ज्याचं काम मनाली बालवाडीत जायच्या आधीपासून चालू होतं. जायला दोन तास, यायला दोन तास. मनालीनं शाळेत 'माझी आई' निबंध लिहिला, त्यात पहिलंच वाक्य होतं, 'माझी आई रविवारी असते.' शकूनं तो वाचला, मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

अशात ते परिपत्रक आलं. 'नेतृत्व विकास कार्यक्रम, मुक्काम कोलाड, पाच दिवस. प्रत्येक उपकेंद्रातून एक कर्मचारी निवडावा. वयाची अट पन्नास.' आणि खाली बारीक अक्षरात, रोह्याला नवीन विद्यार्थी सुविधा केंद्र उघडणार असून प्रमुखपदासाठी हा कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचाच विचार होईल. शकूनं ते बारीक अक्षर तीनदा वाचलं. रोह्याचं केंद्र तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होणार होतं.

ती उपकुलसचिव हैबतरावांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, माझं नाव घाला."

हैबतराव असे हसले, जणू तिनं चंद्रावर जायची रजा मागितली. "अहो ताई, तुम्ही पाच दिवस गेलात तर मी ऑफिसला कुलूप लावू का? तुमच्यावाचून इथं पान हलत नाही! प्रशिक्षणाला मोकळा माणूस पाठवायचा असतो."

आणि ते खरंच होतं बरं का. त्या ऑफिसची रीतच होती ती. प्रशिक्षणाचं पत्र आलं की ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याला धाडायचं. आजवर हा मान हर्षदचा. ताणतणाव व्यवस्थापन, आग विझवणे, संगणक साक्षरता, बाबा सगळं शिकून आला होता. प्रत्येक ठिकाणी एक बॅग मिळते, अशा नऊ बॅगा त्याच्याकडे होत्या, आणि संगणक अजून त्याला सुरू करून द्यावा लागे. पण हर्षद बावन्नचा, वयात बसेना. मग उरला सुशील. कोलाडचा पोरगा, तिशीचा, रोज मोटारसायकलवर यायचा आणि दिवसभर मोबाईलवर क्रिकेट बघायचा. आपलं काम नक्की काय आहे, हे त्यालाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. हैबतराव म्हणाले, "सुशील जाईल. नावं महिनाअखेर पाठवायचीत, बघू."

शकू जागेवर येऊन बसली. अंगाची लाही लाही झाली होती. अकरा वर्षं मरमर मरायचं आणि पुढारी कोण होणार, तर सुशील! पण एसटीत वडखळच्या कोंडीत तासभर बसून राहिल्यावर माणसाला विचार करायला वेळ मिळतो. नागोठणं येईपर्यंत तिचा राग उतरला आणि डोकं चालायला लागलं. मोकळा माणूसच पाठवतात ना? मग ठीक आहे. आपण मोकळं व्हायचं. आणि सुशीलला असा कामाला जुंपायचा की साहेबांना तो सोडवणार नाही. महिनाअखेरीला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक पोरगा आला. राखीव निकाल. शकूनं वरही पाहिलं नाही. "मला नाय ठाऊक रे. ते बघ, सुशीलसाहेब बसलेत, त्यांना विचार."

साहेब! सुशीलच्या हातून मोबाईल निसटायचा राहिला. आजवर त्याला कोणी सुशीलसुद्धा नीट म्हटलं नव्हतं, 'अरे ए' वर भागत होतं. त्यानं पोराला बसवलं, आणि हळूच शकूच्या टेबलाशी येऊन कुजबुजला, "ताई, ह्याचं करायचं काय असतं ओ?"

"चार नंबरच्या कपाटात बघ. दार खांद्यानं दाब," शकू तितक्याच हळू म्हणाली.

पहिला आठवडा ती त्याला सगळं सांगायची. दुसऱ्या आठवड्यात अर्धंच सांगू लागली. तिसऱ्यात नुसतं म्हणायची, "तूच बघ बाबा, माझं डोकं चालत नाय हल्ली." आणि तो बघायचा! गड्याला चटकच लागली. एक दिवस डोंगरावरच्या वाडीतली आवडी नावाची पोरगी आली. तिचा निकाल दोन वर्षं अडकला होता, फेऱ्या मारून चप्पल झिजली होती. सुशीलनं जेवणाची सुट्टी सोडून सहा गठ्ठे उपसले आणि तिचा पात्रतेचा फॉर्म भलत्याच कॉलेजच्या गठ्ठ्यातून शोधून काढला. चार दिवसांनी ती पोरगी पानात बांधलेली करवंदं घेऊन आली. सुशीलनं ती संध्याकाळपर्यंत तशीच टेबलावर ठेवली होती. एकाही माणसाला हात लावू दिला नाही.

इकडे शकूनं आपल्या नावाला काळं फासायचं काम मन लावून केलं. शिक्का उलटा मारला. जावक क्रमांक चुकवले. एका कॉलेजचं पत्र दुसऱ्याला गेलं आणि दोन्ही प्राचार्यांचे फोन हैबतरावांना आले. शेवटी तर तिनं हद्द केली. भिजवून मोड आणलेले वाल डब्यातून आणले, ड्रॉवर अर्धा उघडला आणि भर ऑफिसात बिरडं सोलत बसली. हैबतराव मागे येऊन उभे राहिले, तरी सोलतच होती.

"ताई, हे काय चाललंय?"

"पाव्हणे येणारेत साहेब. सोलायला वेळ लागतो."

हैबतराव नुसतं कपाळाला हात लावून केबिनमध्ये गेले. शकूला हसू दाबता दाबता ठसका लागला.

महिनाअखेरीला सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. हैबतराव म्हणाले, "सुशीलला आता सोडता येत नाही. पुनर्मूल्यांकनाचं सगळं त्याच्याच हातात आहे." मग त्यांची नजर फिरत फिरत शकूवर आली. "शकूताई, तुम्ही पाच दिवस नसलात तर... चालेल ना?"

"चालेल की साहेब!" हर्षद लगेच म्हणाला. टायपिंगवाली वैशालीही म्हणाली, "न चालायला काय झालं?"

झालं! जे हवं होतं ते झालं. मग छातीत असं का टोचलं? अकरा वर्षं ह्यांची आजारपणं सांभाळली, ह्या वैशालीच्या बाळंतपणात सहा महिने तिचं टेबल ओढलं. एकानं तरी तोंडदेखलं 'कसं चालेल?' म्हणायचं होतं. शकूचे डोळे भरून यायला लागले आणि तेवढ्यात सुशील उठून उभा राहिला.

"नाय चालणार!" तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "साहेब, तुम्हाला म्हाईत नाय. मी जे करतो ना, ते सगळं ताईंनी शिकवलंय. त्यांना धाडू नका. त्या हायत म्हणून हे ऑफिस हाय!"

अरे देवा! अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं मोल ओळखलं आणि ते नेमकं आजच! हैबतराव पेन खाली ठेवून विचारात पडले. आता गप्प राहिली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

"काय बोलतोस रे?" ती कडाडली. "मी काय शिकवणार? साहेब, मागच्या आठवड्यात पत्रं कोणी उलटी धाडली? मीच. शिक्के कोणी उलटे मारले? मीच. ऑफिसात बिरडं सोलते मी! ह्या पोराला काय, चांगुलपणानं बोलतोय. माझ्यावाचून काय एक अडायचं नाय."

बोलता बोलता तिचा आवाज खरोखरच कापरा झाला. ते बघून हैबतरावांना वाटलं, बाईला पश्चात्ताप झालाय. त्यांनी पेन उचललं. सुशील मात्र तोंडात मारल्यासारखा खाली बसला.

शिफारशीचं पत्र नेहमीप्रमाणे शकूनंच टाइप केलं. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं. 'सदर कर्मचारी अनुपस्थित राहिल्यास कार्यालयीन कामकाजात कोणताही व्यत्यय येणार नाही.' हर्षदसाठी तिनं ते नऊ वेळा हसत हसत टाइप केलं होतं. त्या दिवशी मात्र तिला दोनदा थांबावं लागलं.

कोलाडला काय सांगावं! विद्यापीठभरचे मोकळे लोक एका हॉलमध्ये गोळा झालेले. एकजण भाषणात घोरत होता, एकजण नाश्त्याला दोनदा उभा राहायचा. चौथ्या दिवशी कुंडलिका नदीत रबरी होडीत बसवून 'नेतृत्व करा' म्हणाले, तर होडीतले बाकीचे सातही जण हुकूम सोडत होते आणि वल्ही एकटी शकू मारत होती. होडी काठाला लागली ते बघून प्रशिक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं. महिन्याभरात हुकूम आला. रोहा केंद्राच्या प्रमुख, शकुंतलाताई.

पहिल्या दिवशी ती साडेपाचला घरी पोहोचली. मनालीनं दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं? बरं नाय का?" शकूनं पोरीला अशी मिठी मारली की पोरगी ओरडली.

मग तिनं हैबतरावांना फोन लावला. हाताखाली पेणहून एक माणूस मिळणार होता, तिला सुशील हवा होता.

"सुशील? छे! त्याच्यावाचून इथं पान हलत नाही. हर्षद मोकळा आहे, तो येईल उद्या."

हर्षद आला, नऊ बॅगांपैकी एक घेऊन. शकू बघत राहिली. कोलाड ते रोहा मोटारसायकलवर वीस मिनिटं. त्या जागेवर सुशील बसला असता तर तो सहाला घरी असता. नव्हे, शकूनं डाव टाकला नसता तर ह्या खुर्चीवरच तो असता. हे आपल्या आधी ध्यानात कसं आलं नाही, की आलं होतं आणि आपण बघितलं नाही? तिला जेवण गेलं नाही.

तिनं सुशीलला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. परिपत्रकाचं बारीक अक्षर, साहेब म्हणणं, बिरडं, सगळं. "तुझी जागा मी खाल्ली रे. तुला कामाचा केला तो माझ्या कामासाठी."

तो नुसतं म्हणाला, "बरं."

"ऐक माझं. तूपण चुका कर. फायली हरव, उलटसुलट कर. दोन महिन्यांत साहेब स्वतः तुला इकडे हाकलतील. मी बघते पुढचं."

"बघतो ताई."

आठवड्यानं त्याचा फोन आला. संध्याकाळचे साडेसात झाले होते. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"कुठे हायस रे? घरी नाय पोचलास?"

"वडखळला हाय, ताई. दुसऱ्यांदा. तुम्ही म्हणलात ना, म्हणून आज एका पोराचा अर्ज मुद्दाम भलत्या गठ्ठ्यात टाकला. टाकला आणि निघालो. पार नागोठण्यापर्यंत आलो ओ. तिथं डोळ्यांसमोर त्या पोराचं तोंडच यायला लागलं. मग गाडी वळवली, परत गेलो, वॉचमनकडून किल्ली घेतली आणि अर्ज जाग्यावर ठेवला." मधेच एक गाडी गेली. "मला नाय जमत, ताई. तुम्ही सवयच तशी लावलीत."

शकूनं पदर तोंडाशी धरला. मनाली शेजारी बसून अभ्यास करत होती, ती वर बघायला लागली.

"हळू ये रे," शकू म्हणाली. "आणि वाटेत कायतरी खाऊन घे."