न लिहिलेली चिठ्ठी

फाल्गुनात अहमदपूरहून नांदेडला जाताना रस्त्याकडेचे पळस फुलतात. अंगावर एक पान नसते, कसला आडोसा नसतो, आणि तरी ते उन्हात निवांत पेटलेले असतात. एसटीच्या खिडकीतून ते दिसले की मला तात्या आठवतात.

तात्या आमच्या भागाचे माजी आमदार. कुठल्याच पक्षाचे नव्हते. एकदा अपक्ष निवडून आले, पुढे दोनदा पडले, आणि तिन्ही वेळा त्यांच्या मुद्रेवर सायंकाळच्या पाण्यासारखी तीच शांतता होती, असे लोक सांगतात. मी त्यांना पाहिले ते उतारवयात. आवाज रांजणातून आल्यासारखा, खोल आणि गार. बोलण्याआधी ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत. तेवढ्या वेळात समोरच्या माणसाला आपलेच मागणे पुन्हा एकदा ऐकू येई.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. नांदेडला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली तरच पुढे शिकायचे, असे घरात ठरले होते. म्हणून माझे वडील, अण्णा, मला घेऊन तात्यांच्या ओसरीवर गेले.

"तात्या, वसतिगृहासाठी एक चिठ्ठी द्या. लेकरू लई हुशार हाय."

तात्यांनी चष्मा पुसला. "हुशार हाय, तर चिठ्ठी कशाला?"

आतून तात्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "सख्ख्या लेकाला दिली न्हाई, तुम्हाला देतेत व्हय! चहा घ्या, तेवढा मिळतो इथं."

अण्णा हसले नाहीत. मग तात्या माझ्याकडे वळले. "बाई, माझ्या चिठ्ठीनं तू आत जाशील, अन् यादीतली शेवटची पोरगी बाहेर पडंल. तिच्या बापाला माझं घर ठाऊक न्हाई. त्यानं कुणाकडं जावं?"

परतताना अण्णा एवढेच बोलले, "म्हणून तर पडतंय हे माणूस." मलाही राग आला होता. हे लिहायला संकोच वाटतो, पण आला होता.

पहिल्या यादीत माझे नाव नव्हते. दुसऱ्या यादीची वाट बघत आषाढभर मी सकाळच्या एसटीने नांदेडला जा-ये केली. कधी तात्याही गाडीत असत. आमदारांसाठी राखलेली जागा सोडून मागच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी. उतरताना विचारत, "लागली का यादी?" मी नकारार्थी मान हलवी, आणि माझ्याआधी त्यांचीच नजर खाली जाई.

दुसरी यादी लागली तेव्हा मी वरून एकेक नाव वाचत खाली आले. सर्वांत शेवटी माझे नाव होते. त्याखाली कोरा कागद. तात्यांनी सांगितलेली ती शेवटची पोरगी मीच होते. त्यांनी दुसऱ्या कुणाला चिठ्ठी दिली असती, तर बाहेर पडले असते ती मीच.

हे त्यांना सांगायचे राहून गेले. माघात तात्या गेले. शोकसभेत लोक उठून त्यांनी काय केले नाही तेच सांगत होते. कुणाची बदली केली नाही, कुणाच्या भाच्याला नोकरीला लावले नाही, आणि सांगताना डोळे पुसत होते. अण्णाही उठले. "आम्हाला चिठ्ठी दिली न्हाई," म्हणाले, आणि हात जोडून खाली बसले.

गेलेल्या माणसाचे हस्ताक्षर लोक जपून ठेवतात. माझ्याकडे तात्यांचे एकही अक्षर नाही. माझ्या नावाखालचा तो कोरा कागद मात्र अजून डोळ्यांपुढे येतो, आणि त्यांनी न लिहिलेली चिठ्ठी मी त्यावरच वाचते.