रिकाम्या पोटी

लताबाई गेली हे कौतिकला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही कोणी सांगितलं म्हणून नाही. धुळ्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याला प्लास्टर बांधून पडला होता. जो येई तो म्हणे, बायांच्या वॉर्डात आहे, बरी आहे. मग पियुष आला. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला हा पोरगा कधी टोपी घालत नसे. त्या दिवशी कानापर्यंत टोपी ओढून आला.

कौतिक म्हणाला, "टोपी काढ."

पियुषनं काढली. डोकं तुळतुळीत होतं. गावी, असोद्याला, आईला अग्नी देऊन तो आला होता. विचारायचं काही उरलं नाही.

अपघाताच्या दिवशी कौतिक अन् लताबाई मोटारसायकलवर सोनगीरला निघाले होते. लताबाईचा भाऊ अमृत, त्याच्या नव्या घराची वास्तुशांती होती. धुळं ओलांडल्यावर गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. कुत्रं आडवं आलं, असं कौतिकनं सगळ्यांना सांगितलं. उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, अमृतनं दुखवट्याचा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला अन् म्हणाला, "भाऊ, तुमना काय दोष शे?" कौतिक मान खाली घालून बसला.

सहा महिने झाले तरी झोप नाही. हॉर्न वाजला की घाम फुटे, हात थरथरत. शेवटी पियुषची बायको मयुरी त्याला जळगावला घेऊन गेली. तिथे दिपमाला मॅडम अपघाताचा धसका घेतलेल्या माणसांवर उपचार करत. मॅडमनं अपघाताचं नावही काढलं नाही. विचारलं काय, तर शुगर किती, जेवता किती वाजता, गुडघ्याचा व्यायाम करता का, पोट साफ होतं का.

बाहेर आल्यावर कौतिक भडकला. "बायको मायी मेली, अन् ही बाई मले संडासचं इचारते."

"आबा, आधी शरीर ठिकाणावर पाहिजे, मग मनाचं काम होतं म्हणतात त्या."

"मंग हिच्याकडं काहून यायचं? आपल्या गावचा डॉक्टर काय वाईट व्हता? तो तरी लवकर सोडतो."

चार खेपा अशाच गेल्या. दर वेळी मॅडम विचारत, जेवण वेळेवर होतं ना? कौतिक म्हणे, हो. खोटंच, एकदाचं सुटावं म्हणून.

पाचव्या खेपेला चतुर्थी आली. चतुर्थी तो आधीपासूनच धरायचा, लताबाई गेल्यापासून जास्तच कडक. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. शुगरची गोळी मात्र सकाळी न चुकता घ्यायचा. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, तिनं उपास मोडत नाही, अशी त्याची समजूत.

मॅडम पहिल्यांदाच म्हणाल्या, "आज त्या दिवसाबद्दल बोलू." तेवढ्यात खाली ट्रकनं हॉर्न दिला. कौतिकला घाम फुटला, हात उडू लागले. मॅडमनं सावकाश श्वास घ्यायला लावला. थरथर थांबेना.

मयुरी वैतागून म्हणाली, "मॅडम, ते सकाळपासून उपाशी आहेत."

मॅडमनं बोटाला सुई टोचली. शुगर चोपन्न. त्यांनी ग्लुकोजचं पाणी पुढं केलं.

"चंद्र दिसल्यावर घेईन," कौतिक म्हणाला.

"तोवर बेशुद्ध पडाल. प्या. चार वेळा विचारलं, चारही वेळा हो म्हणालात तुम्ही."

तो प्याला. पाव तासात हात थांबले. खाली हॉर्न तर वाजतच होते. कौतिक आपल्या हातांकडे बघत राहिला.

"त्या दिवशी बी असंच झालं व्हतं," तो म्हणाला. "चतुर्थी व्हती. गोयी घेतली व्हती. लता म्हने, डब्यात साबुदाना है, दोन घास खाऊन घ्या. मी म्हटलं, देवाच्या कामात तू बोलू नको. धुयं सोडलं अन् डोयासमोर अंधारी आली. कुत्रं नव्हतं."

मयुरीच्या हातात रिकामा ग्लास तसाच राहिला.

मॅडमनं धीर वगैरे दिला नाही. "भीतीचा घाम अन् भुकेचा घाम अंगाला सारखाच लागतो, भाऊ. दर चतुर्थीला तुम्ही शरीराला परत त्याच रस्त्यावर नेता. मग नुसतं बोलून मी काय बरं करू?"

"ती शिक्षा है मायी."

"शिक्षा तुम्हाला, अन् धावपळ सुनेला."

याचाही त्याला राग आला. असोद्याच्या फाट्याला तो उतरला. मग म्हणाला, "तुयी मॅडम लई तोंडाय है." घरी गेल्यावर चंद्राची वाट न बघता भाकरी खाल्ली, कुरकुरतच.

गावच्या डॉक्टरनं शुगरची गोळी बदलून दिली. भाकरीची वेळ मयुरी चुकू देत नाही. तो रोज केळीच्या मळ्यापर्यंत चालत जातो, गुडघ्याला शिव्या देतो. आताशा चार-पाच तास झोप लागते. हॉर्न ऐकून दचकतो, पण हात थरथरत नाहीत, त्यामुळे मॅडमसमोर त्या दिवसाबद्दल थोडंथोडं बोलता येतं. पियुषला त्यानं स्वतः सांगितलं. पियुष दोन दिवस बोलला नाही, मग बोलू लागला.

अमृतचा दर रविवारी फोन येतो. "भाऊ, तब्येत कशी शे?"

"बरी है," कौतिक म्हणतो.

कुत्रं नव्हतं, हे अमृतला सांगायचं राहिलं आहे.